पिवळ्या शर्टाची घडी

दिवाळी सरली की आमच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. लहानपणी तुम्हा दोघांना हे खरंच वाटायचं. सई, तू तर एकदा आजोबांना गाडी थांबवायला लावून बाभळीखाली बोंडं शोधत बसली होतीस, आणि काटा लागला म्हणून निनाद रडत होता. कापूस अर्थातच बाभळीचा नसतो. नेकनूरकडून येणारे टेम्पो ताडपत्रीबाहेर फुगतील इतके भरलेले असतात. रस्त्यावर झुकलेल्या फांद्या त्यातून जाता जाता मूठभर ओढून घेतात. काट्याला जे अडकतं ते मग तिथंच राहतं, उन्हाळ्यापर्यंत, धुळीनं तांबूस होईपर्यंत.

आज सकाळी गच्चीत उभी राहिले तर बाभळी पांढऱ्या दिसल्या. म्हणजे जिनिंग सुरू झाली. कापसातून सरकी वेगळी करणारी ती पत्र्याची लांबलचक शेड तुम्ही बाहेरून पाहिली आहे. वारा त्या बाजूचा असला की तिची घरघर आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. शेजारपाजारचे लोक तिला वैतागतात. मला त्या आवाजाचं काही वाटत नाही. तो थांबलेला मात्र मला सहन होत नाही. वीज गेली आणि घरघर बंद पडली की माझ्या हातातलं काम थांबतं. मी घड्याळाकडे पाहते आणि ती परत सुरू होईपर्यंत पाहतच राहते. तुमचे आजोबा होते तोवर अशा वेळी ते आतल्या खोलीतून नुसतं म्हणायचे, "लाईट गेलीय गं, लाईट." आता ते सांगायलाही कुणी नाही.

मागच्या रविवारी सईचा फोन आला. निनाद, तुला तिनं सांगितलं असेलच. तिच्या बिस्किटांच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताह आहे आणि त्याची जबाबदारी या वर्षी तिच्यावर आहे. तिच्या साहेबांना नेहमीची पोस्टरं नको आहेत, काहीतरी नवं, लोकांना आवडेल असं हवं आहे. "आजी, तू ते शर्टाचं केलं होतंस ना जिनिंगमध्ये? बाबा नेहमी सांगतो. मी इथं तसंच काहीतरी करतेय." तिची योजना चांगली आहे. नाताळच्या पार्टीत प्रत्येकाला कात्री-पात्यापासून वाचवणारे नवे हातमोजे, रंगीत कागदात बांधून, नाव घालून, भेट म्हणून द्यायचे. मी कौतुक केलं. मग सहज विचारलं, पार्टीला सगळे येतात का? म्हणाली, "येतात की. एजन्सीकडून येणारे दोघं-तिघं येत नाहीत, त्यांचं त्यांचं काही असतं. त्यांना नंतर देऊ गं."

पुढं ती काय बोलली ते मला आठवत नाही.

तुमच्या बाबाला अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. तेवढीच मी त्याला सांगितली होती. उरलेली अर्धी तेव्हा फोनवर 'एक अपघात झाला' एवढ्यात आटपली. आज ती लिहून काढते आहे.

मी शाळेतून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली होती. जिनिंगचा मालक अरुण हा माझा जुना विद्यार्थी. दहावीला त्याच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेवर मी इतकी लाल शाई खर्च केली होती की पुढं कारखाना काढल्यावरही तो मला भेटला की हात मागे बांधून उभा राहायचा. तपासणीला साहेब येणार होते, कागद इंग्रजीत हवे होते. मी आठवड्यातले तीन दिवस जाऊ लागले. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, प्रत्येक गोष्ट जागच्या जागी ठेवणारी तुमची आजी. महिन्याभरात मी कागद तर लावलेच, शिवाय शेडमध्ये अकरा पाट्याही लावल्या. लाल काठ, पांढरी जमीन, एका उंचीवर, दोरी धरून. 'सुरक्षितता प्रथम.' 'चालू यंत्राजवळ वाकू नये.' 'पदर व केस बांधून ठेवावेत.' खाली तेच इंग्रजीत, तपासणीच्या साहेबांसाठी.

आठ दिवसांनी पाहते तर सातव्या पाटीच्या खिळ्याला भाकरीचं फडकं अडकवलेलं. इंदूबाईचं. मशीनवर कापूस टाकणाऱ्या बायकांत ती सगळ्यात जुनी, जिभेनं धारदार. मी रागावले तर ती गंभीरपणे म्हणाली, "बाई, तुमची पाटी लई कामाची हाय. खिळा पक्का बसलाय." सगळ्या शेडला हसू फुटलं. मलाही आलं, पण मी ते दाखवलं नाही.

शेडच्या आतलं तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. मशीनची लांब रांग, प्रत्येकीच्या बाजूला फिरतं चाक आणि पट्टा. कापूस वरून पडत राहतो, रुई समोरून ओघळते, सरकी खाली. हवेत इतकी बारीक रुई की दुपारपर्यंत सगळ्या बायकांच्या भुवया पांढऱ्या होतात, विशीतलीही सत्तरीची दिसते. रुई चाकापाशी साठते, अडकते, आणि ती हातानं ओढून काढायची सवय प्रत्येकीला. मशीन बंद करून काढायची, हा नियम. बंद केलं की रांगेचा वेग तुटतो, मुकादम ओरडतो, म्हणून चालूच ठेवून काढायची, ही रीत. पदर कमरेला खोचलेला असतो, आणि वाकलं की तो सुटतो.

दुपारच्या सुट्टीत मी व्याख्यान ठेवलं. चौघी आल्या, त्यातल्या दोघी झोपल्या. मी चार्ट काढला, चित्रं आणली. एकदा तर तुटलेल्या बांगड्या पुठ्ठ्यावर चिकटवून टांगल्या, तर बायकांना तो अपशकुन वाटला आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठाच नाहीसा झाला. फिटर रशीदभाई सगळं पाहत असत. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. ते एकदा म्हणाले, "मॅडम, ह्या बाया भिऊन ऐकत न्हाईत. भ्याल्या असत्या तर इथं आल्याच नसत्या."

मग पौष आला आणि शेडमधल्या बोलण्याचा विषय बदलला. येळवस, म्हणजे शेतात जेवायची वेळअमावस्या, झाली, संक्रांत जवळ आली, आणि सगळ्याजणी वाणाबद्दल बोलू लागल्या. कुणाच्या घरी मागच्या वर्षी स्टीलची वाटी दिली, कुणी नुसता साबणाचा डबा देऊन बोळवण केली, कुणाच्या वाटीला दुसऱ्याच दिवशी पोचा आला. त्या वाटी-डब्यांचा तपशील त्यांना वर्षभरानंतरही पाठ होता. माझी एकही पाटी पाठ नव्हती. तिथं मला ते सुचलं.

अरुणला सांगितलं, या वर्षी जिनिंगचं हळदीकुंकू होईल, मी करीन, आणि वाण म्हणून शर्ट द्यायचा. आपल्याकडे शेतात काम करताना बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, ते तुम्ही पाहिलं आहेच. हा त्याच जातीचा, पण बेतून शिवलेला. पिवळा. पदर आत जाईल असा गळ्यापर्यंत बटणांचा, अंगाला धरून राहणारा, आणि मनगटाला घट्ट इलॅस्टिक. शिंप्याकडून मी तीनदा बाह्या उसवून घेतल्या. इलॅस्टिक सैल नको आणि हातावर वळ उठेल इतकं घट्टही नको. बत्तीस बायका, बत्तीस शर्ट. हजेरीवरून यादी केली, प्रत्येकीचं नाव, उंची, छाती.

यादीत एका नावापुढं मी पेन्सिलीनं टिंब ठेवलं. कौसाबाई. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता. टिंबाचा अर्थ 'नंतर'. हे टिंब ठेवताना माझा हात थबकला नाही, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नव्हतं, तरी मला ते कुणी न सांगता येत होतं.

ती दुपार सुंदर झाली. सरकीच्या गोदामासमोर सतरंज्या घातल्या होत्या. सुगडं, ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजरं. एकतीस जणींनी हात-तोंड धुऊन, भुवयांवरची रुई झटकून, ठेवणीतल्या टिकल्या लावल्या होत्या. मी एकेकीला हळदीकुंकू लावलं, तीळगूळ दिला, आणि शर्ट. इंदूबाईनं नवऱ्याचं नाव घेताना असा काही उखाणा रचला की रशीदभाई तेलाचा डबा उचलून शेडमागे निघून गेले. मग तिनं तिथंच शर्ट चढवला आणि गोल फिरून दाखवला. "बगा गं, फौजदार दिसती का न्हाई?" पाच मिनिटांत सगळ्यांनी चढवले. भर उन्हात एकतीस पिवळे शर्ट. माझ्या अकरा पाट्यांनी जे महिनाभरात केलं नाही ते वाणानं पाच मिनिटांत केलं होतं. मला स्वतःचा अभिमान वाटला. अजूनही ती दुपार आठवली की क्षणभर आधी तो अभिमानच येतो, बाकीचं त्याच्या मागून येतं.

कौसाबाई त्या वेळी शेडमध्ये होती. बंद मशीनच्या रांगेत एकटी, कापसातल्या कवड्या, कीड लागून घट्ट राहिलेली बोंडं, वेचत. दारातून ती दिसत होती. तिनं बाहेर पाहिलं नाही. तिला तिची जागा ठाऊक होती, आणि मलाही तिची जागा ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बत्तिसावा शर्ट घेऊन तिच्याकडे गेले. ती चाळिशीची असेल. उंच, हाडापेरानं मजबूत. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, निळ्या पट्ट्यांचा. कफाची बटणं केव्हाच गेलेली, म्हणून बाह्या दुमडलेल्या, आणि काम करता करता त्या सुटून बोटांपर्यंत यायच्या. मी शर्ट पुढं केला. तिनं हात पदराला पुसले, पण शर्ट घेतला नाही.

"बाई, वाणाचं हाय ते. मला कसं चालंल?"

"वाण कसलं, कौसाबाई. साधा शर्ट आहे, कामाचा."

"काल तर वाण व्हतं की."

ती हसली, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हसावं तशी, आणि आपल्या निळ्या बाहीवरून हात फिरवत म्हणाली, "अन् माझ्याकडं हाय की ह्यांचा."

मला तेव्हा काय वाटलं ते मी तुमच्यापाशी लपवणार नाही. मला हलकं वाटलं. आग्रह केला असता तर तिनं कदाचित घातलाही असता. पण मग बाकीच्या एकतीस जणी काय म्हणतील, त्यांच्या वाणाचं काय होईल, त्या आपले शर्ट काढून ठेवतील का, हे सगळं निस्तरावं लागलं असतं. ती 'नको' म्हणाली आणि माझं काम सोपं झालं. मी शर्टाची घडी घातली आणि तो ऑफिसच्या कपाटात ठेवला. यादीतलं टिंब खोडलं नाही.

त्या आठवड्यात रशीदभाई माझ्या टेबलापाशी आले. उभे राहूनच म्हणाले, "मॅडम, त्या कौसाबाईची बाही लांब हाय. मशीनला कोन सवाष्ण, कोन न्हाई, कळत न्हाई." मी डायरीत लिहिलं, 'कौसाबाई, कफ.' त्याखाली बारीक रेघ मारली. महत्त्वाच्या गोष्टीखाली मी नेहमी रेघ मारते.

मग तपासणीचे साहेब आले. शेडभर पिवळे शर्ट पाहून खूष झाले. अहवालात 'कल्पक उपक्रम' असे शब्द लिहितो म्हणाले, इतर जिनिंगना सांगतो म्हणाले, आणि फोटो काढायला लावला. बायका दोन रांगांत उभ्या राहिल्या. कौसाबाई टोकाला उभी होती. पिवळ्यात निळं दिसत होतं. मीच म्हणाले, "कौसाबाई, जरा बाजूला होता का?" ती झाली.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला, घरघर थांबली.

मी ऑफिसात बसून तीळगुळाचा उरलेला डबा रिकामा करत होते. वीज गेली असती तर पंखाही थांबला असता. पंखा फिरत होता. हे समजायला मला जितका वेळ लागला तेवढा वेळ मी अजूनही त्या खुर्चीतच बसलेली असते, असं वाटतं. मग शेडमधून धावण्याचा आवाज आला. ओरडणं आलं नाही. ओरडणं नंतर आलं, आणि ते कौसाबाईचं नव्हतं, इंदूबाईचं होतं.

चाकापाशी रुई अडकली होती. तिनं चालू मशीनवरच ओढली. बाही सुटून खाली आली होती. रशीदभाई चार पावलांवर होते, ते खटक्यापर्यंत पोचले, पण चार पावलं पुष्कळ असतात. याहून जास्त मी लिहिणार नाही. मी तिथं गेले तेव्हा तिच्याभोवती सगळ्या पिवळ्या बाया होत्या. एकीनं आपला शर्ट काढून तिच्या हाताला गुंडाळला होता, आणि तो पिवळा राहिला नव्हता.

बीडच्या दवाखान्यातून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. उजवा हात कोपराखाली गेला.

मी तिला भेटायला गेले तेव्हा ती पलंगावर बसून डाव्या हातानं केस बांधायचा प्रयत्न करत होती. मी बांधून दिले. वेणी घालताना तिची मान माझ्यासमोर होती, चेहरा नव्हता, म्हणून मला बोलता आलं. म्हटलं, चूक माझी झाली, मी आग्रह करायला हवा होता. ती म्हणाली, न्हाई बाई, तुमी घेऊन आलताव की, मीच नको म्हनले. मी वेणीला गाठ मारली. तेव्हा ती म्हणाली,

"पर बाई, त्या दिवशी तुमी घडी लई लवकर घातली."

तिच्या आवाजात राग नव्हता. पाहिलेलं एक सांगावं तसं तिनं सांगितलं. ती उभी होती, मी शर्ट पुढं केला होता, ती 'ह्यांचा हाय' म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिच्या ओठांवर येण्याआधी माझी घडी पुरी झाली होती. ते पुढचं वाक्य काय होतं हे मी तिला कधी विचारलं नाही. दहा-अकरा वर्षं झाली. घरात धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला की मला तिचं वाक्य ऐकू येतं. टॉवेल, उशीचे अभ्रे, आजोबांचे सदरे. चादरीचं टोक टोकाला जुळवताना हात आपोआप थांबतो. ते एकदा म्हणाले होते, तुझं काम अलीकडे फार हळू होतं. मी म्हटलं, वय झालं.

पुढच्या हंगामात शर्ट पुन्हा शिवले. या वेळी संक्रांतीची वाट पाहिली नाही, तीळगूळ नव्हता, हळदीकुंकू नव्हतं. पहिल्या दिवशी शेडच्या दाराशी खिळ्यांना सगळे शर्ट टांगले आणि रशीदभाईंनी सांगितलं, सगळ्यांच्या अंगात शर्ट दिसल्याशिवाय खटका ओढणार नाही. अडकलेली रुई काढायची तर मशीन बंद, आणि बंद केल्याबद्दल मुकादमानं तोंड उघडायचं नाही, हे अरुणनं मुकादमाला सगळ्यांदेखत सांगितलं. एवढंच. यात कल्पक काही नव्हतं. बायकांनी कुरकुर करत शर्ट घातले. इंदूबाई म्हणाली, "आवंदा शर्टाला गोडी न्हाई बाई." खरं होतं. पण त्या वर्षी त्या खिळ्यांवर एकही शर्ट उरला नाही.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी कुठल्याही अहवालात आली नाही. अरुणनं कौसाबाईला दारावर बसायचं काम दिलं. गाडी आली की नोंद करणाऱ्याला हाक मारायची, पाणी भरून ठेवायचं. सकाळी बायका आत येताना तिच्यासमोरून येत. तिच्या लांब बाह्यांच्या ब्लाउजची उजवी बाही कोपराशी टाचणीनं वर टाचलेली असे. तिच्याकडे कुणी टक लावून पाहत नसे, पण तिच्यापाशी आलं की प्रत्येकीचा हात आपल्या बटणांकडे जाई. नव्यानं कामाला आलेल्या पोरींचासुद्धा. ती कुणाला काही सांगत नसे. माझ्या अकरा पाट्यांना, माझ्या वाणाला, कशालाही जे पूर्ण जमलं नाही, ते ती नुसती बसून करत होती. दुसऱ्या कुठल्या जिनिंगचे लोक पाहायला आले तेव्हा त्यांच्यातला एक जण कौतुकानं म्हणाला, ही बाई इथं बसवायची आयडिया छान आहे. मी ते ऐकलं. त्या महिन्याअखेरीस मी जिनिंगमध्ये जाणं सोडलं. एका बाईची मी पाटी करून टाकली होती, एका उंचीवर, दाराशी.

निघताना अरुणनं तो फोटो काच लावून मला भेट दिला. त्यानं प्रेमानं दिला, म्हणून घेतला. तो आपल्या माजघरात कधी लागला नाही, कपाटाच्या तळाशी आहे. दोन रांगांत एकतीस बायका, उन्हानं डोळे बारीक केलेल्या. उजव्या कडेला, काचेच्या अगदी काठाशी, निळ्या पट्ट्यांच्या बाहीचं एक कोपर आलं आहे. बाजूला हो म्हटल्यावरही ती पुरती बाहेर गेली नव्हती. उजवं कोपर. बाही दुमडलेली आहे. फोटोत ती अजून सुटलेली नाही.

फोटोखाली पिवळा शर्ट होता. बत्तिसावा. ऑफिसचं कपाट आवरताना मी तो घरी आणला होता. कुणाला द्यायचा कळलं नाही, टाकवला नाही.

आजोबा गेले त्यानंतरची पहिली संक्रांत तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही दोघं दहाव्या-बाराव्यापर्यंत राहून परत गेला होता. संक्रांतीच्या दुपारी गल्लीत बायकांची ये-जा सुरू झाली. पैंजण, हसणं, शेजारच्या दारात रांगोळी. दरवर्षी सगळ्या आधी आपल्याकडे यायच्या. त्या दिवशी पावलं आपल्या फाटकापाशी जरा हळू झाली आणि पुढं गेली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. शेजारच्या सूनबाईनं संध्याकाळी तीळगूळ पाठवून दिला, डब्यात घालून, नंतर. मी खिडकीचा पडदा सरळ केला, खुर्चीत बसले, आणि बंद मशीनच्या रांगेत कवड्या वेचत बसलेली कौसाबाई मला पहिल्यांदा समोरून दिसली. आजवर मी तिला दारातूनच पाहत आले होते.

तीनच्या सुमाराला फाटक वाजलं. कौसाबाईच होती. नेकनूरच्या बसनं आली होती, डाव्या हातात पिशवी, पिशवीत तिळाच्या पोळ्या. बऱ्याच वर्षांनी येत होती. कशी आलीस म्हणून विचारलं तर चप्पल काढता काढता म्हणाली, "आज घरात एकल्याच बसल्या असताल, ठावं व्हतं मला."

आम्ही पोळ्या खाल्ल्या. तिनं जिनिंगच्या बातम्या सांगितल्या, इंदूबाईच्या गुडघ्यांची, रशीदभाईच्या नातवाची. तिच्या लेकीचं लग्न झालं होतं, जावई चांगला होता. मग ती म्हणाली, "बाई, ते पिवळं हाय का आजून?"

मी कपाटातून शर्ट काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिनं डाव्या हातानं घडी उलगडली, एकेक पदर करत. बाही शोधली. मनगटाचं इलॅस्टिक तिनं दोन बोटांनी ताणलं आणि सोडलं. परत ताणलं, परत सोडलं. इतक्या वर्षांतही ते सैल झालं नव्हतं. मी चांगलंच शिवून घेतलं होतं.

"बसलं असतं मला," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. मग शर्ट माझ्याकडे दिला आणि बसची वेळ झाली म्हणून उठली. तिला फाटकापर्यंत पोचवून मी परत आले तेव्हा शर्ट खुर्चीवर पसरलेला होता. माझे हात सवयीनं त्याच्याकडे गेले. टोकं जुळवण्याआधी मी ते मागे घेतले.

सई, तुझे हातमोजे चांगले आहेत. रंगीत कागद असू दे, नावं असू दे, पार्टीही होऊ दे. लोकांना आनंदानं दिलेली वस्तू ते आनंदानं वापरतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, ते खोटं नाही. पण पार्टीला न येणारे ते दोघं-तिघं कोण आहेत, त्यांची नावं तू मला फोनवर सांगू शकली नाहीस. ती आधी माहीत करून घे. का येत नाहीत तेही विचार, आणि त्यांना उत्तर द्यायला वेळ दे. त्यांचे हातमोजे पार्टीच्या आधी दे, साध्या कागदात, सगळ्यांच्या आधी. त्यांच्यातला कुणी 'माझ्याकडे आहेत' म्हणाला, तर लगेच हात मागे घेऊ नकोस. जरा वेळ तसाच पुढं धरून ठेव. हात अवघडेल. अवघडू दे.

तो शर्ट मी परत कपाटात ठेवला नाही. माजघरात आजोबांच्या टोपीच्या शेजारी खुंटीवर टांगला आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा दिसेल, म्हणून आधीच सांगितलं. जिनिंगच्या बाजूचा वारा आला आणि खिडकी उघडी असली, की त्याची उजवी बाही हलते.